वासाच्या बाकावरचं नाव

डॉक्टर झाल्यावर मला पहिली नोकरी लागली ती वास घेण्याची.

साडेपाच वर्षं बेळगावात घासली होती. अनगोळात आत्याच्या माळ्यावर झोपून, होमिओपॅथीची ती उशीएवढी पुस्तकं खरोखरच उशाला घेऊन पास झालो. आमच्या घराण्यात माझ्याआधी कॉलेजची पायरी कुणी चढलं नव्हतं. एक चुलता चढला होता, पण तो गवंडी होता, पायरी बसवायला गेलता. त्यामुळं निपाणीच्या डॉक्टर घोषालबाबूंना मदतनीस हवाय असं कळल्यावर मी सगळी सर्टिफिकेटं प्लास्टिकच्या पिशवीत घालून, केसांना पाणी लावून, ताठ मानेनं गेलो.

बाबू सत्तरीचे होते. हडकुळे, धोतरावर काळा कोट. सर्टिफिकेटांकडं त्यांनी ढुंकूनही बघितलं नाही. माझे डोळे रुमालानं बांधले, एकेक बाटली नाकाखाली धरली आणि म्हणाले, "हुंग."

हुंगलो. पहिला कांदा, दुसरा कापूर, तिसरी तंबाखू.

"आणि?"

"आणि तुमच्या कोटाला डांबरगोळ्यांचा वास मारतोय."

बाबू मटकन खुर्चीत बसले. घरमालकीण कपड्यांच्या ट्रंकेत डांबरगोळ्या टाकत होती, किती वर्षांपासून कोण जाणे. "म्हंजे मीच माझ्या औषधांना मारत बसली होती?" असं स्वतःशीच बोलले आणि कोट काढून खिडकीतून बाहेर फेकला. मग मला म्हणाले, "उद्यापासून ये. माझं नाक गेलंय. कुणाला सांगू नको." सगळ्या निपाणीला ते ठाऊक होतं.

बाहेरच्या माणसाला थोडं समजावून सांगायला हवं. आमच्या शास्त्राच्या जुन्या शिस्तीप्रमाणे, साबुदाण्याहून लहान त्या पांढऱ्या गोळ्या फार नाजूक. उग्र वास आला की औषधाचा गुण गेला. कांदा, लसूण, कापूर, बाम आणि सगळ्यात वाईट तंबाखू. आता या गोळ्यांत गुण असतो की नाही यावर शहाणी माणसं भांडतात. ते भांडण मी दिवाळी अंकात मिटवणार नाही. एवढंच सांगतो, जे काम मोठ्या इस्पितळाचं ते आम्ही हातात धरलं नाही. छातीत कळ आली म्हणणाऱ्याला बाबूंनी कधी स्वप्नं विचारली नाहीत. रिक्षा बोलावली.

पण असा तंबाखूशी वैर असलेला माणूस थेट बंगालातून येऊन निपाणीत राहिला कसा? त्याची गोष्ट ते स्वतःच सांगायचे. तरुणपणी बेळगावच्या कॅम्पात त्यांचे मामा लष्करी कोठारात कारकून होते, त्यांच्याकडं आले. तिथं कळलं, कोल्हापूर ते बेळगाव या पट्ट्यात होमिओपॅथीचं नावसुद्धा कुणी ऐकलेलं नाही. औषधांची पेटी घेऊन एका लॉरीत बसले आणि निपाणीला उतरले, ते नेमके तंबाखूच्या हंगामात. बघतात तो सगळा गाव शिंकतोय. हमाल शिंकतोय, दलाल शिंकतोय, पोलीस शिंकतोय, वखारीच्या दारातलं कुत्रं शिंकतंय. बाबूंना वाटलं, सर्दीची एवढी मोठी साथ आणि गावात औषध देणारा एकटा मी! त्याच दिवशी खोली भाड्यानं घेतली. ती साथ नव्हती, तंबाखूची भुकटी होती, हे कळायला त्यांना एक महिना लागला. तोवर आगाऊ भाडं देऊन झालं होतं.

मराठी ते शिकले वखारीत तंबाखू निवडणाऱ्या बायकांकडून. त्यामुळं आयुष्यभर "मी जाते, मी येते, मी सांगून ठेवते" असंच बोलले. कुणी हसलं नाही. नव्या माणसाला गंमत वाटली तर बाकीचे त्याच्याकडंच रागानं बघायचे.

तर माझं काम असं. दवाखान्याच्या दारात मी उभा. येणाऱ्याचे हात हुंगायचे, तोंडाजवळ नाक न्यायचं. वास आला की त्याला बाहेर लिंबाखालच्या लाकडी बाकावर अर्धा तास बसवायचं. वास उडाला की आत. त्याला सगळे 'वासाचा बाक' म्हणत आणि मला 'हुंग्या डॉक्टर'.

निपाणीत वास न येणारा माणूस म्हणजे एकतर परगावचा किंवा मेलेला. बाक कायम भरलेला. त्यावर राज्य होतं हिराक्काचं. हिराक्का वखारीतली सगळ्यात जुनी बाई, आवाज लॉरीच्या हॉर्नचा. पहिल्याच दिवशी मी तिचे हात हुंगले तशी म्हणाली, "काय रं, आमच्यातला नवरा लगीन ठरवताना बी एवढं जवळ येत न्हाई."

बाक पार करून आत गेलं की बाबूंचे प्रश्न. आमच्या धंद्यात रोगापेक्षा रोगी महत्त्वाचा, म्हणून विचारायचं फार असतं.

"पावसात भिजलं की कसं वाटतं?"

"वलं वाटतंय."

"स्वप्नं कसली पडतात?"

"झोप लागत न्हाई म्हणून तर आलोय की. आधी झोप द्या, मग स्वप्न सांगतो."

"राग येतो का?"

"अजिबात न्हाई," म्हणायचा गडी, आणि मागून त्याची बायको, "मला विचारा, मला!"

सुई मागणारे तर रोजचेच. "बाबू, एक सुई मारा की." बाबू शांतपणे म्हणायचे, "सुई पाहिजे तर शिंप्याकडे जा. मी गोळी देते." एका म्हातारीला महिनाभराची बाटली दिली, ती चार दिवसांनी रिकामी घेऊन हजर. मी घाबरलो. ती म्हणाली, "एकटीनं ग्वाड खायचं कसं रं लेकरा? गल्लीत वाटलं." गल्लीत सगळ्यांना बरं वाटत होतं, म्हातारीचे गुडघे सोडून.

हे सगळं हसण्यावारी नेता आलं असतं, पण मला एक गोष्ट बोचत होती. दवाखान्याच्या बोर्डावर नाव एकट्या बाबूंचं होतं, वर कन्नडमध्ये, खाली मराठीत. मी विचारलं, "बाबू, माझं नाव?" ते म्हणाले, "वर्षभर नाक नीट चालव, मग लावते."

आणि तिकडं खानापूरच्या जंगलकडेला आमच्या गावात आप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, सगळ्यांना सांगून टाकलं होतं की नाम्याचं नाव निपाणीत बोर्डावर लागलंय. मारुतीमामाला ते पटलं नव्हतं. हा आईचा भाऊ, गावातला नावाजलेला संशयी. "सुई न टोचणारा डॉक्टर आन् त्याचा बोर्ड? बघितल्याबिगर मी मानत न्हाई." आप्पा रात्रशाळेत अक्षरं शिकलेले. ते म्हणाले, "भाताची सुगी झाली की जाऊ. मी स्वतः वाचून दाखवतो तुला." पोटाला चिमटा काढून शिकवलेल्या पोराचं नाव चारचौघांत बोट ठेवून वाचायचं, एवढंच त्या माणसाला हवं होतं. मला सुगीपर्यंत बोर्डावर चढायचं होतं.

गणपतीला घरी गेलो आणि आई दारातच पदर नाकाला लावून म्हणाली, "अगंबाई, तंबाखूचं पोतं आलं वाटतं घरात." मी शर्ट हुंगला. काही नाही. पिशवी हुंगली. काही नाही. आप्पांची चंची उघडून थेट नाक आत घातलं. काही नाही! कांदा कळत होता, कापूर कळत होता, पण तंबाखूला माझं नाक पार मेलं होतं. निपाणीनं बाबूंचं नाक खाल्लं तसं माझंही खाल्लं, आणि जे व्हायला बाबूंना वीस वर्षं लागली ते माझं दहा महिन्यांत झालं. आमच्या घराण्यात सगळं उशिरा आलं, हे तेवढं लवकर.

परत आलो आणि खोटं हुंगायला लागलो. डोळे मिटून, मान तिरकी करून, गवई सूर लावतो तसं लांबलचक हुंगायचं आणि तेवढ्यात चोरून नखं बघायची. पिवळी असली की बाकावर. दात काळे असले की बाकावर. एकदा मेंदी लावलेल्या नवरीला अर्धा तास बसवलं.

हिराक्काला संशय आला. दसऱ्याच्या आधी ती दोन मुठी मिटून पुढं उभी राहिली. "हुंग. मिसरी कुठल्या मुठीत?"

मी सवयीनं गवयासारखं खोटंच हुंगलो. "उजव्या."

तिनं उजवी मूठ उघडली. कोथिंबीर.

"मेलं की रं तुझं नाक!" बाक हसून हसून हलायला लागला. मी हात जोडले. "आक्का, बाबूंना सांगू नको. माझं नाव बोर्डावर लागायचंय."

"न्हाई सांगत. पण आता आम्हाला बाक न्हाई. सरळ आत."

कबूल केलं. दुसऱ्या दिवसापासून वखारीच्या बायका दहा मिनिटांत गोळ्या घेऊन परत. लिंबाखालचा बाक ओस. पंधरा दिवसांनी हिराक्का आली ती तणतणतच.

"बाक चालू कर."

"अगं, तूच म्हणालीस सोड म्हणून!"

"म्हटलं आसंल. पण आता मुकादम म्हणतोय, धा मिंटात येतीस न्हवं, मग रोज धा मिंटातच यायचं. आमचा अर्धा तास ग्येला की रं तुझ्या नाकापायी!"

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. बाबू प्रत्येक बाईला मुकादमासाठी चिठ्ठी द्यायचे: 'वास जाईपर्यंत अर्धा तास बसणे जरूर.' खाली शिक्का. मुकादमाला हुंगण्यातलं काही कळत नव्हतं, पण शिक्क्याला तो भ्यायचा. दिवसभर भुकटीत वाकून बसणाऱ्या बायकांना लिंबाच्या सावलीत पाय लांब करून गप्पा मारायला तेवढा एकच अर्धा तास होता. मी डॉक्टर, सर्टिफिकेटवाला, जवळजवळ वर्षभर त्या बाकाशेजारी उभा राहून मला ते दिसलं नव्हतं.

आत गेलो आणि बाबूंना सगळं सांगून टाकलं. नाक गेल्याचं, मेंदीवाल्या नवरीचं, सगळं. बोर्ड गेला, असं समजूनच बोललो.

बाबू चष्मा पुसत म्हणाले, "ठाऊक आहे. हिराक्कानं त्याच दिवशी सांगितलं."

"मग बोलला का नाही?"

"मी बघत होती, तू किती दिवस हुंगतोस ते. लई मन लावून हुंगत होतास. मला रडू यायचं." मग जरा पुढं वाकून हळूच म्हणाले, "अरे, त्या बाकावर बसायला येतात त्या. गोळी म्हंजे तिकीट. पण तिकीट पाहिजे, नाहीतर गाडीत कोण घेतं?"

एक सांगायचं राहिलं, ते इथंच सांगतो. आम्ही बाक दिला, वखार तीच राहिली. भुकटी तीच, खोकला तोच.

बाक पुन्हा सुरू झाला. सुगी संपत आली. मी धीर करून आप्पांचं सगळं बाबूंना सांगितलं. ते म्हणाले, "बाजाराच्या दिवशी येऊ देत. नाव लावते." आणि त्याच दिवशी सकाळी मला बेळगावला पिटाळलं, कॅम्पातल्या दुकानातून काचेच्या बाटल्या आणायला. मला वाटलं, मला चकित करायचंय. ते खरंच होतं.

पुढचं मी बघितलं नाही, पण इतक्या जणांनी इतक्या वेळा सांगितलंय की बघितल्यासारखंच आहे. बाबूंनी रझाक पेंटरला बोलावलं आणि माझं नाव लिहायला सांगितलं. बोर्डावर नव्हे. बाकाच्या पाठीवर. त्यांच्या हिशेबानं बाक हे दवाखान्याचं सगळ्यात मोठं खातं, ते मी सांभाळतो, मग नाव तिथंच शोभेल. बंगाली माणसाला काय ठाऊक, आपल्याकडं बाकावर नाव कुणाचं असतं! रझाकला ठाऊक होतं. एसटी स्टँडापासून स्मशानापर्यंत गावातले सगळे बाक त्यानंच रंगवलेले. बाक म्हटल्यावर त्याचा हात सवयीनं चालला. मधे ठळक अक्षरांत 'डॉ. नामदेव विठोबा गावडे' आणि दोन्ही बाजूंना एकेक पेटती समई.

आप्पांना लाकडाच्या लॉरीत जागा मिळाली, म्हणून ते ठरल्यापेक्षा दोन तास आधी पोचले. सोबत मारुतीमामा आणि गावातली चार माणसं. आप्पांनी आधी बोर्ड वाचला. त्यात मी नव्हतो. मामानं घसा खाकरला. तेवढ्यात आप्पांची नजर लिंबाखाली गेली. ते जवळ गेले, बोट ठेवून एकेक अक्षर वाचलं, समया बघितल्या आणि मटकन खाली बसून त्यांनी जो हंबरडा फोडला, तो म्हणे भाजी बाजारापर्यंत ऐकू गेला.

हिराक्का बाकावरच होती. हे कोण, तिला ठाऊक नाही. पण नव्या रोग्याला धीर देणं हे तिचंच काम.

"बसा बाबा, बसा हितं. डॉक्टरसाठी रडताय व्हय?"

"कसं झालं गं बाई? कवा झालं?"

"गणपतीलाच झालं. पण कुणाला कळू दिलं न्हाई त्यानं."

"लई तरास झाला का त्याला?"

"तरास कसला? हसत हुता. रोज दारात हुबा राहून काम करत हुता."

"आन् तुमाला कळलं कसं?"

"मीच पकडलं की, कोथिंबीर देऊन."

इथं आप्पा रडायचे थांबले. कोथिंबिरीनं माणूस कसा मरतो, हे त्यांना समजेना. तो विचार चालू असतानाच मी खांद्यावर बाटल्यांचं खोकं घेऊन कोपऱ्यावरून आलो. मला सगळ्यात आधी मारुतीमामानं बघितलं. आयुष्यभर कशावर विश्वास न ठेवणारा तो माणूस "भूत!" म्हणून ओरडला आणि लिंबाच्या मागं गेला.

आप्पा उठले. माझ्याजवळ आले. दोन्ही हातांनी तोंड चाचपलं आणि पायातली चप्पल काढून पाठीत दोन हाणल्या. "जित्ता हाईस व्हय रं भाड्या? जित्ता हाईस, मग बाकावर काय करालाईस?"

खोकं पडलं. बेळगावहून आणलेल्या बाटल्यांतल्या तीनच वाचल्या.

बाबू गडबडीनं बाहेर आले. झाला प्रकार ऐकला. त्यांना समजावताना रझाक, हिराक्का आणि मामा एकदम बोलत होते. शेवटी बाबू आप्पांसमोर हात जोडून म्हणाले, "चुकली मी, आप्पा. मान द्यायला गेली."

"मान न्हाई, बोर्ड द्या," आप्पा म्हणाले. "आन् आधी ते पुसा."

"बोर्डावर जागा एकाच नावाची आहे," रझाक म्हणाला.

बाबूंनी बोर्डाकडं बघितलं, मग बाकाकडं. "मग सोपं आहे. त्याचं तिकडं घाल, माझं इकडं आण. माझं वय झालंय. मला बाक चालतो."

मी नको म्हणालो. आप्पाही जरा ओशाळले. पण बाबूंनी ऐकलं नाही. "अरे, त्या खुर्चीत बसून लोकांची स्वप्नं ऐकून मी दमली. मला जरा बाहेर बसू दे." रझाकनं दुपारभर बसून दोन्ही पाट्या रंगवल्या. बोर्डावर वर कन्नड, खाली मराठी, 'डॉ. नामदेव विठोबा गावडे'. बाकावर घोषालबाबू. समया पुसू का, असं रझाकनं विचारलं, तर बाबू म्हणाले, "राहू दे, छान दिसतात."

तेवढा वेळ आप्पा बाकावर हिराक्काशेजारी बसून होते. गुडघे, सुगी, मामाचा स्वभाव, सगळं तिला सांगून झालं. मग उठून बोर्डापाशी गेले. कन्नड ओळ सोडली, खालच्या ओळीवर बोट ठेवलं. रंग ओला होता. 'गावडे' मधल्या 'डे'वर आप्पांच्या बोटाचा ठसा उमटला तो अजून आहे. पुढं दोनदा बोर्ड रंगवला, पण रझाकला सांगून मी तेवढा भाग सोडायला लावला.

"आता तरी पटलं का?" आप्पांनी मामाला विचारलं.

"नाव हाय," मामा म्हणाला. "पर सुई न्हाई."

त्यानंतर बाबू रोज सकाळी बाकावर बसायचे, स्वतःच्या नावाला टेकून, मुकादमाच्या चिठ्ठ्यांवर शिक्के मारत. मी आत खुर्चीत. पाच-सहा वर्षं असं चाललं. मग एक दिवस ते बाकावर आले नाहीत.

तेराव्याला रझाक रंगाचा डबा घेऊन आला. म्हणाला, "डॉक्टर, नाव आहे, समया आहेत. खाली 'यांच्या स्मरणार्थ' एवढंच घालायचं. बाबूंचं काम, पैसे घेणार नाही." मी मान डोलावली. तो ब्रश घेऊन बाकाकडं गेला. बाकावर हिराक्का बसली होती, बरोब्बर नावाला पाठ लावून.

"आक्का, जरा सरक. लिहायचंय."

"माझा अर्धा तास व्हायचाय अजून," हिराक्का म्हणाली. "झाला की लिव."

रझाक लिंबाखाली उकिडवा बसला. अर्धा तास झाला. तास झाला. हिराक्का काही उठली नाही. रंगावर साय धरली तसा रझाकनं डब्याचं झाकण लावलं, आणि ते दोन शब्द त्या बाकावर आजतागायत लिहायचे राहिलेत.